कानामागचा तळहात

आत्या, कावळा लगेच शिवला.

काल तुझा दहावा झाला. रामकुंडावर पिंड ठेवला, सगळे जरा मागे सरकले, आणि तुझ्या थोरल्या भावानं, माझ्या नानांनी, हात जोडायच्या आतच कावळा भाताची मूद उचकटून गेलासुद्धा. लोकांचे चेहरे एकदम सैल पडले. निफाडच्या मामी माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "बरं झालं बाई. काही इच्छा ऱ्हायली नव्हती मंदाची. सुखानं गेली." मी मान हलवली, पण आतून राग आला. या सगळ्या दिवसांत मला स्पष्ट जाणवलेला तो राग एवढाच. इच्छा राहिली नव्हती म्हणजे काय? आपलं भांडण राहिलंय की. तुझं बोलून झालं नव्हतं, माझं पटवून झालं नव्हतं, आणि त्या कावळ्याला मेला जरा दम धरवला नाही.

प्रवचनाला बसलेल्या महाराजांना कुणीतरी सांगितलं होतं की तू पोरांना तिरंदाजी शिकवायचीस. मग काय, त्यांना विषयच मिळाला. देह म्हणजे धनुष्य, प्राण म्हणजे बाण, एकदा सुटला की परत येणे नाही. लोकांनी माना डोलावल्या. मला मात्र शेजारी बसून कुजबुजल्यासारखा तुझा आवाज ऐकू आला, "परत येणे नाही कसं? चालत जाऊन आणायचा असतो. पाय मोडलेत का यांचे?" मला हसू येईल असं वाटलं. आलं नाही. रडूही आलं नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, "शितल, रड गं जरा, मोकळी हो." मी तिला म्हटलं, हो, रडते, आणि भांडी घासायला बसले.

दोरी ओढताना बोटांवर चढवतात तो चामड्याचा टॅब पातळ असला आणि दिवसभर बाण मारले की संध्याकाळी बोटांची टोकं परकी होतात, भाकरीचा चटकाही लागत नाही, ते तुला माहीत आहे. तसं सगळ्या अंगाचं झालंय. अंबडला कंपनीत कामावर जाते. पार्ट मोजते, चांगले इकडे, रिजेक्ट तिकडे. कुणी विचारलं, कशी आहेस, की बरी आहे म्हणते. ते खोटंही नाही.

येत्या रविवारी राज्य संघाची निवड चाचणी आहे. तू त्याच्यासाठी माझ्यामागे किती लागली होतीस ते सगळ्या मखमलाबादला माहीत आहे. आणि माझी बोटं उघडत नाहीत, आत्या. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते.

गेल्या खेपेच्या चाचणीत माझं काय झालं होतं ते आठव. मला टारगेटचा मधला पिवळा गोल दिसला रे दिसला की बोटं पळायची. धनुष्य पूर्ण ओढून व्हायच्या आतच बाण गेलेला असायचा. सरावात ठीक, आणि नाव पुकारलं की हे असं. परत येताना तू बसमध्ये एक शब्द बोलली नाहीस. शाळेत खेळाच्या बाई म्हणून पोरांवर जन्मभर ओरडलेली तू, आणि माझ्यावर ओरडली नाहीस म्हणून मला जास्तच भीती वाटली. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणालीस, "उद्यापासून टारगेट बंद. तुला पिवळं दिसायलाच नको."

मग सुरू झालं ते आंधळ्या बाणांचं प्रकरण. शेवंती आणि झेंडूच्या मधल्या, नानांनी कुरकुरत दिलेल्या त्या लांब पट्ट्यावर आपण चाचणीचं सत्तर मीटरचं अंतर सोडून थेट बट्रेसच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिलो. बाण झेलणारा फोमचा तो नुसता गठ्ठा, त्यावर कागद नाही, रंग नाही. इतक्या जवळून की चुकणं शक्यच नव्हतं. डोळे मिटायचे, ओढायचं, आणि फक्त दोरी बोटांतून कशी जाते ते बघायचं, म्हणजे न बघता. वाफ्यातून फुलं तोडणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या. एकदा एक म्हणाली, "मास्तरीणबाई, एवढ्या जवळून तर म्या बी मारीन." तू तिला खरंच बोलावलंस, धनुष्य हातात दिलंस, आणि तिची दोरी कानाला सटकन लागल्यावर तिलाच चहा पाजलास.

आणि तुझा हात. दोरी सुटल्यावर माझा उजवा हात हवेत थिजला तर चूक, चेहऱ्यापासून बाहेर उडाला तर त्याहून मोठी चूक. पाठ शेवटपर्यंत ओढत राहिली असेल तर हात मानेला घासत आपसूक मागे जातो, कानाच्या मागे. हे मला सांगून कळेना. तेव्हा तू माझ्यामागे उभी राहायला लागलीस, आणि माझ्या उजव्या कानामागे, चार बोटं अंतरावर तळहात धरायला लागलीस. बाण गेला की माझ्या बोटांची टोकं तुझ्या तळहाताला लागली पाहिजेत. लागली की तू एवढंच म्हणायचीस, "लागली." नाही लागली की काहीच नाही. कौतुक नाही, शिवी नाही.

पहिला सगळा उन्हाळा तू गप्पच होतीस. मला तुझा इतका राग यायचा! नानांच्या झेंडूला चहूकडून बहर, ऊन पाठीवर, घाम टॅबमध्ये, आणि मागून नुसता तुझा श्वास. तळहाताला झेंडूच्या पाल्याचा तो उग्र वास, कारण पहाटे नानांबरोबर फुलं भरू लागूनच तू माझ्याकडे यायचीस. मला बाण गेल्याचं कळायच्या आधी तो वास यायचा. मग एक दिवस, मी कंपनीतल्या कसल्याशा वादाचा विचार करत असताना, दोरी गेली आणि माझी बोटं कशाला तरी टेकली. "लागली," तू म्हणालीस, इतक्या सहज, जणू रोजच लागतात. मी मागे वळून बघितलं तर तू पदरानं नाक पुसत होतीस. सर्दी झाली होती म्हणालीस. सर्दी कसली गं मे संपता संपता?

त्या दिवसाबद्दल मी तुला कधी धन्यवाद दिले नाहीत. आपल्या घरात तसं कुणी कुणाला म्हणत नाही. आता म्हणते.

पण भांडण ते भांडण. ते क्लिकरवरून होतं, आणि अजून आहे. धनुष्यावर लावलेली ती पातळ पत्र्याची पट्टी. बाण पुरता ओढला की त्याच्या टोकावरून निसटते आणि 'टक' वाजते. माझं म्हणणं साधं आहे. टक वाजलं की सोडायचं. तेवढ्यासाठीच ती पट्टी लावलेली असते. तुझं म्हणणं, "टक म्हणजे शाळेची घंटा नव्हे, वाजली की पळत सुटायला. तू पुरती ओढलीस एवढंच ती सांगते. वाजल्यावरही ओढत राहा. बोटं त्यांची ती उघडतील." मी म्हणायचे, त्यांची ती काही उघडत नाहीत, आत्या. अंबडला एवढी मोठी मशिनं आहेत, तीसुद्धा कुणीतरी बटण दाबल्याशिवाय हलत नाहीत. ठरवणारं कुणीतरी लागतंच. तू म्हणायचीस, "तू ठरवलंस की बोटांना आधी कळतं, आणि मग ती घाबरतात."

रोज हेच. जेवताना हेच. नाना ताटावरून उठता उठता म्हणायचे, "एक बाण सोडायला एवढी चर्चा? आमचा आख्खा माल इकून होतो तवर."

मग तू तो डाव खेळलीस. आपण तोवर सत्तर मीटरवर परत आलो होतो. मी ओढत होते, धनुष्याचा हात अजून पुरता खालीही आला नव्हता, आणि तू मागून जिभेनं आवाज काढलास, "टक." माझी बोटं उघडली. क्लिकर वाजलाच नव्हता. बाण बट्रेसवरून सूं करत गेला आणि बांधाच्या दगडाला आपटून झेंडूत कुठंतरी पडला. तू कमरेवर हात ठेवून उभी. "बघ. कुणीही टक केलं तरी तू सोडणार. तुझी बोटं तुझ्या कह्यात नाहीत, आवाजाच्या कह्यात आहेत." मी इतकी चिडले की धनुष्य खाली ठेवून तशीच घरी गेले. बाणाची मागची अर्धी काडी सापडली, पुढची नाही.

ती दुसऱ्या दिवशी सापडली, फुलबाजारात. पहाटे बॅटरीच्या उजेडात तोडलेल्या झेंडूबरोबर टोकाचा तुकडा गोणीत गेला, आणि व्यापाऱ्यानं गोणी ओतली तेव्हा नानांच्या पुढ्यात येऊन पडला. "का हो नाना," तो म्हणाला म्हणे, "गुलाबाचं समजू शकतो. झेंडूला बी काटे यायला लागले का?" नानांनी घरी येऊन तो तुकडा तुझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. "मंदा, तू पन्नाशी ओलांडली. हिचं लगीन व्हायचंय. दोघींना अक्कल कवा येणार हाय?" तू आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि इतक्या हसलो की आईनं येऊन विचारलं काय झालं म्हणून. पण भांडण मिटलं नाही. तू म्हणालीस, चाचणी होऊ दे, मग बोलू. मी म्हटलं, बघूच.

आणि मग त्या सकाळी तुझ्या हातातून कप पडला. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली.

दवाखान्यात तू डोळे उघडले नाहीस. मला काय करावं ते कळत नव्हतं म्हणून मी तुझा हात धरून बसायचे. माझी तीन बोटं तुझ्या बोटांत आकड्यासारखी अडकवलेली, दोरी धरतो तशी. मला दुसऱ्या कुठल्या प्रकारे हात धरताच येत नाही बहुतेक. त्या दुपारी डॉक्टर आले, त्यांनी बघितलं, नानांच्या खांद्यावर हात ठेवला. मशीनवरची रेघ सरळ झाली होती. मला ते दिसत होतं आणि काही होत नव्हतं. मी तुझा हात सोडणार नव्हते. ते मी पक्कं ठरवलं होतं. इथून नेईपर्यंत सोडायचा नाही. नर्स आली. तिनं तुझ्या बोटाला लावलेला तो चिमटा दाबून काढला आणि तो तिच्या हातात मिटला.

टक.

माझी बोटं उघडली, आत्या.

मी नाही उघडली. मी ठरवलं होतं उलटंच. तुझा हात चादरीवर पडला, आणि माझा हात मागे, पार कानापर्यंत गेला. दोरी सोडायचं एवढं स्वच्छ रिलीज मला मैदानावर कधी साधलं नव्हतं. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. नर्सला वाटलं असेल, मी डोळे पुसायला हात नेला. नानांनी पुढे होऊन तुझा हात उचलला, पोटावर नीट ठेवला, आणि चादर सारखी केली. मी तिथंच उभी होते, हात कानामागे. तुझं म्हणणं तू सिद्ध केलंस. पण असं करायची काय गरज होती गं? मी तोंडी मान्य केलं असतं.

त्यानंतर एकदाच धनुष्य उचललं. दोरी ओढली, क्लिकर वाजला, आणि बोटं अशी मिटली की उघडेनात. हळूहळू दोरी पुढे आणून धनुष्य उतरवलं. परत ओढलं, परत तेच. टक वाजलं की ती चादर दिसते. पहिल्यांदा बोटं पळायची, आता हलत नाहीत. तुझ्याकडे याच्यावरही काहीतरी असतं. टारगेट बंद कर म्हणाली असतीस. अजून काय बंद करू?

नानांचंही काही खरं नाही. पहाटे उठतात, फुलं तोडतात, बाजारात जातात, येतात, जेवतात. तुझं नाव घेत नाहीत. तुझी खुर्ची त्या पट्ट्याच्या कडेला होती तशीच आहे, तिच्यावर रोज पालापाचोळा पडतो, आणि रोज सकाळी तो झटकलेला असतो. कोण झटकतं ते आम्ही एकमेकांना विचारत नाही. मला वाटायचं, नानांना तिरंदाजी म्हणजे वाफ्यांची नासधूस एवढंच माहीत आहे.

आज सकाळी मी पट्ट्यावर गेले. सत्तर मीटरवर नाही, बट्रेसच्या पुढ्यात. क्लिकरची पट्टी बाजूला सरकवून चिकटपट्टीनं बांधून टाकली. टक नकोच. डोळे मिटले, ओढलं. पाठ ओढत होती, बोटं गच्च. उतरवलं. पुन्हा ओढलं, उतरवलं. किती वेळ ते माहीत नाही. डोळे उघडले तर नाना शेवंतीच्या कडेला टोपली घेऊन उभे होते. बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील, बास कर, चल घरी.

त्यांनी टोपली खाली ठेवली. धोतराला हात पुसले. जवळ येऊन, माझ्याकडे न बघता, बट्रेसकडे बघत म्हणाले, "मंदा हात कुठं धरायची?"

मी धनुष्य मांडीला टेकवलं.

"तुझ्या मागं उभी ऱ्हायची ना ती? हात धरून? मी लांबून बघायचो. कुठं धरायची, नीट नाय दिसायचं."

मी कानामागे बोट दाखवलं. त्यांनी तळहात धरला. जरा वर धरला होता, मी खाली घेतला. त्यांचा हात तुझ्यापेक्षा रुंद आहे आणि बोटं खडबडीत. पण वास तोच. झेंडूच्या पाल्याचा. मी डोळे मिटले आणि तू मागे नाहीस हे मला त्या क्षणी कळलं. दवाखान्यात नाही, अमरधामात नाही, काल रामकुंडावर नाही. आत्ता, तो वास आल्यावर.

ओढलं. पाठ ओढत गेली. मी काही ठरवलं नाही, किंवा ठरवलं असेल. आत्या, खरंच सांगते, मला माहीत नाही. बाण बट्रेसमध्ये गेल्याचा आवाज आला आणि माझी बोटं नानांच्या तळहाताला टेकली. बोटांच्या टोकांना ते लागलं. तिथली एकेक भेग लागली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते येऊ दिलं.

नाना काही बोलले नाहीत. ते कसं बोलणार? काय म्हणायचं असतं ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

रविवारी मी जाणार आहे. चाचणीत मागे हात धरायला कुणाला उभं राहू देत नाहीत, तेव्हा काय होईल ते तिथंच कळेल. क्लिकर परत लावणार आहे. तुझं सगळं मी मान्य केलेलं नाही. एक बाण गेला म्हणून भांडण संपत नाही, आणि तुझ्यावाचून ते संपवण्यात मला रसही नाही.

मी धनुष्य खाली ठेवलं आणि बाण आणायला गेले. तू म्हणाली असतीस तशी, चालत. तो खोल रुतला होता, बट्रेसला हात टेकून, हलवून हलवून काढावा लागला. डोळे पुसायला जरा वेळ तिथंच थांबले. मग वळून परत आले.

नाना जागचे हलले नव्हते. मी उभी होते त्या जागेच्या मागे, रिकाम्या हवेत, माझ्या कानाच्या उंचीवर त्यांचा तळहात अजून तसाच धरलेला होता.

"लागली, नाना," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. हात मात्र खाली घेतला नाही.